पंपखोलीतला प्रश्न

प्रिय वायसर,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र केव्हाच आलं होतं. ते मी मुद्दाम चष्म्याखाली ठेवलं होतं, म्हणजे रोज चष्मा उचलताना दिसेल आणि मला लाज वाटेल. लाज रोज वाटली, पण हात चालेना. तू विचारलं होतंस, दाजी, नवीन काय? आणि इकडे इतकं नवीन होऊन बसलं की ते कुठल्या टोकाकडून सांगायला घ्यावं तेच कळेना. फोन करावा म्हटलं, तर पंपांच्या शेजारी जन्म गेल्यामुळे माझे कान कामातून गेलेत आणि तुझेही काही फार शाबूत नाहीत. मागच्या फोनवर मी तुला गुडघा कसा आहे विचारलं आणि तू गुळाला मुंग्या लागल्यात म्हणून सांगत बसलास. आत्ता जे सांगायचंय ते असं सांगून चालणार नाही. ऐकण्यातल्या चुकीनं माझं केवढं नुकसान होता होता राहिलं ते पुढे येईलच, म्हणून लिहायचाच धीर केला. शाळा सातवीत सुटली, जोडाक्षरं अजून मला घाबरवतात, तेव्हा चुका पोटात घाल. आणि एकटा असताना वाच, सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचू नकोस. तुझ्या खिशात कायम रबरी वायसर असायचे म्हणून लोक तुला वायसर म्हणायला लागले. मी म्हणतो ते तुझ्यातून कधी काही गळत नाही म्हणून.

तुझा जीव टांगणीला नको म्हणून आधी सांगतो. तब्येत बरी आहे, घर जागेवर आहे, गॅस मी झोपताना दोनदा बंद करतो. गोष्ट एका बाईंची आहे. झालं, लिहिलं एकदाचं. या वाक्यासाठी तीन कागद फाडले. त्या बाई आणि मी, या वयात, असं काही ठरतंय. ठरतंय म्हणजे ठरलंच आहे, पण तुला सांगितल्याशिवाय मी पाऊल पुढे टाकणार नाही असं माझ्यापुरतं पक्कं केलंय. तू नको म्हणालास तर काय करायचं ते मला सुचत नाही. म्हणून तो विचार सध्या बाजूला ठेवलाय आणि सगळं पहिल्यापासून सांगतो. सगळं ऐकून घेतल्याशिवाय नको म्हणू नकोस.

बाई जन्मभर मुलींच्या शाळेत पोहायला शिकवायच्या. लग्न केलं नाही, आधी जमलं नाही आणि मग गरज वाटली नाही असं त्याच सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या मागच्या अंगणात एक छोटासा तलाव बांधून घेतला. लांबी अशी की चांगला पोहणारा चार हात मारून भिंतीला टेकावा. सकाळी तिथे शेजारपाजारच्या म्हाताऱ्या येतात, कुणाचे गुडघे, कुणाची कंबर. कोमट पाण्यात बाई त्यांच्याकडून व्यायाम करून घेतात. मी त्यांना गुडघेमंडळ म्हणतो, त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही. मला पहिल्यांदा बोलावणं आलं ते पंपाच्या टायमरसाठी. बाई म्हणाल्या, अहो, हा पंप भर दुपारी जागा होतो आणि सकाळी घोरत पडतो. बघितलं तर तोच आपला जुना फिरत्या तबकडीचा टायमर, कडेनं बारीक दात असलेला. वीज गेली की त्याचं घड्याळ तिथेच थांबतं आणि वीज आल्यावर जिथं थांबलं तिथून पुढे चालतं. म्हणजे जगाची सकाळ-दुपार वेगळी, त्याची वेगळी. मी तबकडी बोटानं फिरवून वेळेवर आणली आणि म्हणालो, बाई, नवीन डिजिटल बसवून देतो, ही कटकट मिटेल. त्या म्हणाल्या, नको, मला याची टिकटिक आवडते. मग काय, वीज गेली की बोलावणं, आणि मी आपला जाऊन तबकडी फिरवून देणार. वास्तविक ते काम त्यांना स्वतःला येत होतं. हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी शाळेच्या तलावावर तसलाच टायमर नोकरीभर सांभाळला होता.

तबकडी फिरवायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे. पण मग चहा व्हायचा. पंपखोलीबाहेरच्या पायरीवर बसून आम्ही बोलायचो. म्हणजे मी काळजी करायचो आणि त्या हसायच्या. मी म्हणायचो, हीटरचा आवाज बरोबर वाटत नाही. त्या म्हणायच्या, तो हीटरचा नाही, माझ्या शेजारणीच्या घोरण्याचा आहे. मी त्यांना आपल्या दोघांच्या तलावदुरुस्तीच्या धंद्यातल्या गोष्टी सांगायचो, वायरीची बाजू माझी, पाइपाची तुझी. त्या श्रीमंत माणसाकडचा हीटर पेटेना तेव्हाची गोष्ट त्यांना फार आवडली. आठवतं ना? मी बिचारा सगळी जोडणी उकलून बसलो, थर्मोस्टॅट बदलला, वायर न् वायर मोजली, आणि तू शांतपणे पंपाच्या जाळीचं झाकण उघडून आतून तो केसांचा टोप बाहेर काढलास. पाणीच पुढे जात नव्हतं, तर हीटर पेटणार कुठून. आणि मालक डोक्याला टॉवेल गुंडाळून म्हणतो, हा माझा नव्हे. घरी येऊन तू ती गोष्ट सांगितलीस तेव्हा तुझी बहीण इतकी हसली की तिला उचकी लागली आणि ती मलाच म्हणाली, पाणी द्या, नुसते बघत काय बसलात. ही उचकीसुद्धा मी बाईंना सांगितली. खोटं कशाला बोलू, त्या पायरीवर तुझ्या बहिणीचं नाव निघालं नाही असा एकही चहा झाला नाही. बाईंनी कधी विषय बदलला नाही. उलट विचारायच्या, मग त्या काय म्हणाल्या?

ती गेल्यानंतर घरात मी रेडिओ मोठ्यानं लावून ठेवायला लागलो होतो, कान गेले म्हणून नव्हे, कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. आम्हाला मूल नाही. तू होतास तोवर संध्याकाळी यायचास, मग तूही मुलाकडे राहायला गेलास, आणि ते योग्यच केलंस, मी तक्रार करत नाही. पण बाईंकडून परत आलो की मी रेडिओ लावायला विसरायचो. एवढंच लक्षात ठेव.

आता खरी गोष्ट. एके दिवशी बाईंचा निरोप आला की शिडी चावते. गुडघेमंडळातल्या एकीनं पाण्यात उतरताना स्टीलची शिडी धरली आणि तिच्या हाताला मुंग्या आल्या. वायसर, तुला सांगायला नको, पाण्याजवळ मुंग्या म्हणजे काय. मी तसाच पळत गेलो, सगळ्यांना पाण्याबाहेर खुर्च्यांवर बसवलं, हात लावाल तर खबरदार म्हणालो. हीटर बंद केला. नुसता पंप चालू ठेवून पंपखोलीत आडवा झालो आणि एकेक तपासायला लागलो. हीटरची कॉइल फुटली होती, करंट तिथून पाण्यात उतरत होता. ते एक वेळ ठीक, पण करंट सरळ जमिनीत जाऊन फ्यूज उडायला हवा होता, तो का उडाला नाही? मागच्या भिंतीशी जाऊन बघितलं तर जमिनीत पुरलेल्या कांबीवरची पकड गंजून तुकडा पडलेला, वायर नुसतीच हवेत लोंबतेय. म्हणजे सगळ्या तलावाला अर्थच नव्हता. आपल्या धंद्यात जमिनीत जाणाऱ्या तिसऱ्या वायरीला आपण अर्थ म्हणतो. बाकीचं जग तो शब्द दुसऱ्याच कामाला वापरतं हे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं.

मी परत पंपखोलीत येऊन वाकून बसलो होतो. मोटारीची बेअरिंग गेलेली, त्यामुळे आत असा आवाज की स्वतःचा विचार ऐकू येऊ नये. एवढ्यात बाई दारात आल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मला शेवटचं जरासं ऐकू आलं, जोडणी राहील का, तुम्हाला काय वाटतं? आधीच मी घाबरलेला, त्यात कुणी मेलं असतं तर हा विचार डोक्यातून जाईना. मी मान वर न करता, पंपाच्या वर आवाज चढवून, खच्चून ओरडलो, नाही राहायची हो! याला काही अर्थच नाही! वरून चकचकीत दिसतं, आतून पार गंजलंय! एवढी वर्षं कसं निभावलं देव जाणे! आता यात करंट सोडला तर एखाद्याचा जीव जाईल! मी तर म्हणतो, कापून टाकू आणि मोकळे होऊ! बाई बरं म्हणाल्या आणि गेल्या. बाहेर खुर्च्यांवर बसलेलं अख्खं गुडघेमंडळ डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होतं. मला वाटलं, विजेला घाबरल्या बिचाऱ्या. मी माझ्या सवयीप्रमाणे मुख्य बोर्डावरचा फ्यूज उपटून खिशात घातला, म्हणजे माझ्या माघारी कुणी चुकून चालू करू नये, आणि तांब्याची वायर आणायला निघालो. जाताना बाईंना म्हणालो, उद्या येतो आणि सगळं नव्यानं करून टाकतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं माझ्या तोंडाला ग्रीस लागलंय. घरी जाऊन आरशात बघितलं. लागलेलं होतंच, त्यामुळे संशय आला नाही.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आत बाईंचा फोन. येऊ नका, मला आता काही जोडून घ्यायचं नाही, तुमचं म्हणणं मला पटलंय. मी म्हणालो, अहो, पण अर्थ? त्या म्हणाल्या, तो तुम्ही सांगितलात ना काल, सगळ्यांसमोर. आणि फोन ठेवला. मग माझं जे काय झालं ते विचारू नकोस. मला वाटलं, दुसरा कुणी मिस्त्री बघितला. तो नुसताच फ्यूज बसवून चालू करून देईल, अर्थकडे बघणारसुद्धा नाही, आणि मग शिडी कुणाला तरी धरेल. मी रोज काही ना काही निमित्तानं त्यांच्या फाटकावरून जायला लागलो. कान लावून उभा राहायचो, पंपाचा आवाज येतोय का. आवाज नाही म्हटलं की जीव भांड्यात पडायचा, आणि परत फिरताना वाटायचं, माझं नेमकं काय चुकलं? हीटर वेळेवर बदलला नाही म्हणून रागावल्या? चहाचा कप फुटला होता एकदा, तो? मी घरातल्या सगळ्या बोर्डांचे स्क्रू घट्ट करत बसलो. रेडिओ परत लागला. इस्त्रीचा प्लग काढला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून माघारी आलो, तर माझ्याकडे इस्त्रीच नाही हे दारात आठवलं. ती तूच नेलीस ना जाताना?

मग एका सकाळी गुडघेमंडळातल्या नर्सबाई दारात हजर. त्या मोठ्या इस्पितळात नर्स होत्या, आता निवृत्त, पण आवाज अजून वॉर्डातलाच आहे. आत आल्या, बसल्या नाहीत. म्हणाल्या, तो फ्यूज काढा बाहेर, पाणी हिरवं पडलंय आणि आम्ही सगळ्या लंगडतोय. मी म्हणालो, अर्थ आल्याशिवाय फ्यूज मिळणार नाही. त्या म्हणाल्या, बरंच कळतं की तुम्हाला अर्थातलं! नाही म्हणायचा हक्क माणसाला आहे, त्याबद्दल मी बोलत नाही, पण बाईमाणसाला तोंडावर गंजलेली म्हणायचं? मी म्हणालो, कोण म्हणालं बाई गंजल्या, पकड गंजलीय. त्या म्हणाल्या, कसली पकड? मी म्हणालो, अर्थची. त्या म्हणाल्या, आणि वरून चकचकीत? मी म्हणालो, पाइप. आणि जीव जाईल? म्हटलं, जाईलच, शिडीत करंट होता. आणि कापून टाकू? अहो वायर, वायर कापू म्हणालो! नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्ची ओढली, बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मला पाणी आणावं लागलं. मी म्हणालो, मला सांगाल का काय झालं ते? तर म्हणाल्या, अहो बावळट माणसा, बाईंनी तुम्हाला वायर विचारली नव्हती. आठवडाभर आमच्यासमोर पाठ करत होत्या. आपण दोघंही एकटे आहोत, यापुढे जोडीनं राहायचं का, तुम्हाला काय वाटतं, असं विचारायला आल्या होत्या. जोडीनं! जोडणी कुठून काढलीत?

वायसर, मी पण बसलो. कान असे तापले की वाटलं यांतून आता धूर येणार. पहिला विचार काय आला सांगू? की हे आपल्याला कुणीतरी विचारलंय. दुसरा आला की आता उत्तर द्यावं लागणार. आणि मग एकामागून एक यायलाच लागले. माझं वय, माझे दात, लोक काय म्हणतील, मी घोरतो, आजारी पडलो तर त्यांनाच करावं लागेल, त्या आजारी पडल्या तर मला नीट जमेल का, आणि तुला काय वाटेल. हे सगळं मी मोठ्यानं बोलत होतो असं दिसतं, कारण नर्सबाई म्हणाल्या, सगळी काळजी आत्ताच संपवणार की लग्नानंतरला थोडी ठेवणार?

मी जाताना तांब्याची वायर, नवी पकड, कांब, कॉइल, बेअरिंग, करंट गळला की बंद करणारा नवा ट्रिपर, सगळं घेऊन गेलो. काम आधी केलेलं बरं, काम करताना माझे हात कापत नाहीत. बाईंनी फाटक उघडलं. नर्सबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं हे मला माहीत होतं, पण चेहरा अगदी शाळेच्या बाईंचा. म्हणाल्या, या, अर्थ आणलात? थट्टा आहे की राग, काही पत्ता लागेना. मी हो म्हणालो आणि खड्डा खणायला लागलो. गुडघेमंडळही जमलं. पोहण्याचा प्रश्नच नव्हता, पाणी शेवाळून गेलं होतं. म्हणाल्या, आम्ही नुसतं पाण्याचा रंग बघायला आलोय. कांब ठोकली, पकड आवळली, वायर शिडीपासून हीटरपर्यंत सगळ्याला जोडली, मोटारीला बेअरिंग घातलं, फ्यूज बसवला आणि तपासलं. सगळं बरोबर. पण शिडीला पहिला हात दुसऱ्या कुणी लावलेला मला चालणार नव्हता. तू हसशील, पण मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शिडीवरून स्वतः पाण्यात उतरलो. जन्मभर तलावांच्या काठावर काढला, कधी पाऊल बुडवलं नव्हतं. हिरवं, गार, पायाला बुळबुळीत. शिडी गच्च धरली. काही नाही. मुंगीसुद्धा नाही.

तिथेच म्हटलं, आता नाही विचारलं तर मी परत कधी विचारायचा नाही. उतरण्याआधी मी टायमरचा खटका हातानं खाली करून पंप बंद ठेवला होता, ऐकू यावं म्हणून. मी म्हणालो, बाई, त्या दिवशी तुम्ही जे विचारलंत ते मला ऐकूच आलं नव्हतं. मी उत्तर दिलं ते शिडीबद्दल. तुमचं उत्तर द्यायचं राहिलंय. उत्तर हो आहे. पण प्रश्न तोच आहे ना, तेवढं एकदा सांगा, म्हणजे परत घोटाळा नको. बाई म्हणाल्या, मी एक प्रश्न एकदाच विचारते, शाळेतही माझा हाच नियम होता. आता तुम्ही विचारा. मी वाक्य घरून जुळवून आणलं होतं, त्यात आयुष्य, सोबत असले चांगले शब्द होते. ते सगळे पाण्यात गेले. मी नुसतं म्हणालो, जोडीनं राहायचं का? बाईंनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात पंप सुरू झाला.

अरे, फ्यूज इतके दिवस माझ्या खिशात होता, तेवढे दिवस टायमरचं घड्याळही थांबलेलं. वीज आल्यावर ते जिथं थांबलं होतं तिथून निघालं आणि मी, ज्यानं ती तबकडी फिरवण्यासाठी त्या घरी इतक्या खेपा घातल्या, तोच त्या दिवशी ती फिरवायला विसरलो. त्याच्या हिशेबानं पंपाची पुढची वेळ झाली. दात खटक्यावर आला आणि दिला पंप चालू करून. नवं बेअरिंग असलं तरी अडकलेली हवा बाहेर पडताना पाइप कसे गर्जतात तुला ठाऊक आहे. बाई बोलत होत्या. नुसतं हो किंवा नाही नव्हे, चांगल्या सविस्तर बोलत होत्या, मध्येच डोळे पुसले, मध्येच हसल्या, आणि मी गुडघाभर हिरव्या पाण्यात शिडी धरून त्यांचे ओठ बघत उभा. काय? काय? म्हणून ओरडतोय. शेवटी गुडघेमंडळानं टाळ्या पिटल्या, एकीनं टॉवेल माझ्या डोक्यावर फेकला, आणि नर्सबाई काठावर वाकून माझ्या कानात ओरडल्या, हो म्हणाल्या! पण अट आहे! मी म्हणालो, कबूल! त्या म्हणाल्या, ऐकून तरी घ्या, पोहायला शिकायचं! बाई बाकी काय काय बोलल्या ते अजून मला माहीत नाही. विचारलं की म्हणतात, ऐकायच्या वेळी ऐकायचं. नर्सबाईही सांगत नाहीत. सगळ्या गुडघेमंडळाला माहीत आहे, मला सोडून. मला त्याचा राग येत नाही. उलट पायरीवर बसलो की मधूनच ते आठवतं, आणि मी एकटाच हसत बसतो.

पाणी आता स्वच्छ झालंय. मी रोज सकाळी उतरतो. अजून काठ सोडत नाही, बाई म्हणतात तुम्ही पाण्यालासुद्धा काळजीत पाडाल. पण काल पाठीवर तरंगलो. त्यांचा एक हात मानेखाली होता, तो त्यांनी कधी काढून घेतला ते मला कळलं नाही. कान पाण्याखाली गेल्यावर पंपाचा आवाज किती लांबून येतो रे. वर नुसतं आभाळ होतं. क्षणभर मला काळजी करायला काही सापडेना, आणि मग त्याचीच काळजी वाटून मी बुडायला लागलो.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते. परवा आम्ही नोंदणीच्या कचेरीत चौकशीला गेलो होतो. तिथल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, मुलीकडून साक्षीदार कोण? बाईंमागे गुडघेमंडळ उभं होतं, सगळ्यांनी हात वर केले. मग तो म्हणाला, मुलाकडून? मी मागे वळून बघितलं, कुठला मुलगा आलाय म्हणून. मग लक्षात आलं, मुलगा म्हणजे मी. माझ्या मागे कुणीच नव्हतं. नर्सबाई म्हणाल्या, मी येते की तुमच्याकडून. मी नको म्हणालो. माझ्याकडून एकच माणूस आहे, त्याला विचारून कळवतो असं सांगून आलो. वायसर, तुझी बहीण गेली त्या दिवसापासून मला एकच भीती होती. ती होती म्हणून मी तुझा दाजी. ती नाही, तर मी तुझा कोण? तू कधी तसं वाटू दिलं नाहीस, पत्रात दाजी लिहीत राहिलास, आणि आता मी हे करायला निघालोय, तर तो शब्द माझ्याकडून काढून घेशील का, हे विचारायला इतके दिवस हात चालत नव्हता. माझ्या लग्नात तू मुलीकडून आला होतास. मला कोपऱ्यात घेऊन दम दिला होतास, बहिणीला रडवलंत तर पाइप डोक्यात घालीन. या खेपेला मुलाकडून येशील का? येऊन सही कर, माझ्या बाजूला उभा राहा, आणि बाईंना काय दम द्यायचा तो दे, त्या घाबरणाऱ्यातल्या नाहीत. आणि जमणार नसेल, मनाला पटत नसेल, तर तसंही लिही, मी रागावणार नाही. पण फोन करू नकोस, मी भलतंच ऐकेन. मी तारीख घेतलेली नाही, हे पत्र टाकलं की रोज टपालवाल्याच्या वाटेवर उभा राहणार, तो मला लांबूनच हातानं नाही म्हणून खूण करायला लागेल. लवकर कळव रे.

तुझाच,
दाजी